राखणदाराचा खाऊ : शेतावरील कुत्र्यासाठी घरगुती पौष्टिक पदार्थ आणि दिवसभराचा विरंगुळा



अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पेरणी आटोपून रोपे वर आली, की जागलीचे दिवस सुरू होतात. मूग असो, सोयाबीन असो, तूर असो किंवा रब्बीचा हरभरा असो, रानडुकरे आणि रोही कोणतेच पीक सोडत नाहीत. एकेकाळी वऱ्हाडात घरोघरी पिकणारी ज्वारी मागे पडली, त्याच्या कारणांत बाजारभावाबरोबर रानडुकरांचा आणि पाखरांचा त्रासही आहे, हे आपण जाणताच. अशा वेळी रात्रभर धुऱ्यावर कान टवकारून बसणारा कुत्रा हा जागलीतील मोठा आधार असतो. माणसाला झोप लागली तरी तो जागा असतो.

या राखणदाराच्या पोटात काय जाते आणि त्याचा दिवस कसा जातो, याचा विचार मात्र फारसा होत नाही. सकाळी चहात बुडवलेले बिस्कीट, दुपारी शिळी भाकर, रात्री उरलेले चून किंवा भाजीचा रस्सा, आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत गळ्यात साखळी, असा बहुतेक ठिकाणचा प्रघात आहे. ‘कुत्र्याच्या पोटाला सगळे पचते’ असे जुने लोक म्हणतात. ते खरे नाही. आपल्या चुलीवरच्या व कोठारातल्या काही रोजच्या वस्तू कुत्र्याच्या जिवावर उठतात, आणि दिवसभर बांधलेला कुत्रा चिडका होऊन घरच्याच लेकराला चावतो.

शहरात कुत्र्यांसाठी पाकिटबंद खाऊ मिळतो. तो विकत घेण्याची शेतकरी कुटुंबाला गरज नाही. ज्वारीचे पीठ, कोहळे, अंडे, भुईमुगाचे दाणे आणि ताक एवढ्यावर उत्तम खाऊ तयार होतो. खाऊ कोणता द्यायचा याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच तो कसा द्यायचा यालाही आहे. पुढ्यात टाकलेला तुकडा कुत्रा एका घासात गिळतो व पुन्हा साखळी चावत बसतो. तोच तुकडा हुंगून शोधावा लागला, तर त्याची दहा मिनिटे सुखात जातात.

आधी जेवण, मग खाऊ

खाऊ हा जेवणाला पर्याय नाही. कुत्रा मुळात मांसाहारी कुळातला असला तरी माणसाच्या सहवासात तो धान्य पचवायला शिकला आहे. म्हणून भाकर देण्यात गैर काही नाही. नुसती भाकर देणे मात्र चुकीचे आहे. ज्वारीत प्रथिने साधारण दहा टक्के असतात आणि कुत्र्याची गरज त्यापेक्षा बरीच जास्त असते.

आपल्याकडील मध्यम बांध्याचा गावठी कुत्रा सुमारे १५ किलो वजनाचा असतो. त्याला दिवसाला अंदाजे ८५० किलोकॅलरी लागतात. मध्यम आकाराच्या दोन भाकरी, दोन उकडलेली अंडी, वाटीभर घट्ट शिजवलेले मुगाचे किंवा तुरीचे बिनफोडणीचे वरण, थोडे दही आणि चहाचा एक चमचा तेल एवढ्यात ही गरज जवळपास भागते. हे दोन वेळांत विभागून द्यावे. ज्या घरात अंडे शिजत नाही तेथे वरण व दही वाढवावे. कुत्रा त्यावरही राहू शकतो, फक्त अशा कुत्र्याला वर्षातून एकदा पशुवैद्यकाला दाखवून घ्यावे.

अशा जेवणात कॅल्शियम कमी पडते. त्यासाठी अंड्याची टरफले धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करावीत. पूर्ण वाढलेल्या १५ किलोच्या कुत्र्याला चहाचा अर्धा चमचा पूड रोज जेवणात मिसळावी. नुसत्या भाकरीवर किंवा नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिलांचे पाय वाकतात, हे अनेकांनी पाहिले असेल. पिलांसाठी कॅल्शियमचे प्रमाण मात्र पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे, कारण जास्त झाले तरी हाडे बिघडतात.

खाऊ किती द्यावा, याचा नियम सोपा आहे. दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. म्हणजे आपल्या १५ किलोच्या कुत्र्याला खाऊतून सुमारे ८५ किलोकॅलरी. बाजारातील चार ग्लुकोज बिस्किटांत हा वाटा संपतो, आणि त्यातून त्याला मिळते काय, तर मैदा आणि साखर. चहाही कुत्र्याला देऊ नये. त्यातील उत्तेजक द्रव्य त्याच्या हृदयाला सोसत नाही.

ज्वारी-कोहळ्याचे कडक तुकडे

हा खाऊ करायला सोपा, टिकायला बरा आणि खिशात टाकून वावरात नेता येणारा आहे.

साहित्य : ज्वारीचे पीठ २०० ग्रॅम, उकडून कुस्करलेले लाल कोहळे एक वाटी, अंडे एक, भाजलेल्या भुईमुगाच्या दाण्यांचे कूट दोन मोठे चमचे. मीठ, साखर, गूळ, तिखट, हळद यांपैकी काहीही घालू नये.

कृती : कोहळे बिया व साल काढून पाण्यात उकडावे आणि पाणी निथळू द्यावे. त्यात अंडे फोडून घोटावे, मग दाण्याचे कूट व पीठ घालून घट्ट मळावे. कोहळ्याला पाणी जास्त सुटले तर पीठ थोडे वाढवावे. ज्वारीला चिकटपणा नसल्याने हे पीठ लाटण्याने लाटू नये, कडा फाटतात. भाकरीसारखे थापावे, जाडी अर्ध्या बोटाएवढी ठेवावी. कच्चे असतानाच सुरीने उभ्या-आडव्या रेघा पाडून नखाएवढे चौकोन आखावेत. मंद आचेवर तव्यावर दोन्ही बाजूंनी नीट भाजावे आणि निवल्यावर रेघांवर तोडावे.

भाजल्यानंतरही आत ओल राहते. ती काढणे हीच या कृतीतील महत्त्वाची गोष्ट आहे. उन्हाळ्यात पातळ कापडाखाली दोन दिवस कडक ऊन दिले की काम होते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात आपल्याकडे रोडग्यांचा कार्यक्रम असतो. रोडगे काढून झाले की गोवऱ्यांच्या आरात बराच वेळ ऊब राहते. जुन्या तव्यात हे तुकडे पसरून त्या उबेवर ठेवले, तर रोडग्यांच्या पंगती उठेपर्यंत ते खडखडीत वाळतात. वेगळे सरपण लागत नाही. भट्टी किंवा ओव्हन असेल त्यांनी तो वापरावा, पण मुद्दाम घेण्याची गरज नाही.

वरील मापात शंभरेक तुकडे होतात. एका तुकड्यात साधारण ९ किलोकॅलरी धरल्या, तर दिवसाला आठ ते दहा तुकडे पुरेत. शिकवण्यासाठी तुकडा आणखी अर्धा केला तरी चालतो. कुत्रा तुकड्यांची संख्या पाहतो, आकार पाहत नाही.

कोरडे तुकडे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आठ-दहा दिवस टिकतात. पावसाळ्यात तीन दिवसांचेच करावेत. डबा उघडल्यावर कुबट वास आला किंवा पांढरा-हिरवा ठिपका दिसला, की सगळे फेकून द्यावे. बुरशीचा भाग कोरून उरलेले देऊ नये. बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खराब करते आणि कुत्रा त्याला फार लवकर बळी पडतो. भिजलेला मका, काळी पडलेली ज्वारी, खवट दाणे ‘माणसाला चालत नाहीत, कुत्र्याला घाला’ म्हणून वापरण्याची सवय याच कारणाने मोडली पाहिजे. असा माल कोंबड्यांनाही घालू नये.

कलेजी : थोडी, पण शिजवलेली

कुत्र्याला नवी गोष्ट शिकवायची असेल, तर कलेजीसारखे दुसरे आमिष नाही. बकऱ्याची कलेजी पाण्यात अर्धा तास चांगली उकळावी, निवल्यावर शेंगदाण्याएवढे तुकडे करावेत आणि तव्यावर कोरडे करावेत. कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असते व ते अंगात साठत जाते, म्हणून आठवड्यातून दोनदा, मूठभरच द्यावी.

कच्ची कलेजी, कच्चे फुप्फुस किंवा कापलेल्या जनावराचे टाकाऊ अवयव कुत्र्याला कधीही देऊ नयेत. बकरी, मेंढी, म्हैस यांच्या कलेजीत व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी पुष्कळदा आढळतात. त्या गाठींत एका फितकृमीची पिल्ले असतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात कृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि अंगणातील मातीतून, न धुतलेल्या भाजीतून किंवा कुत्र्याच्या अंगावर हात फिरवून ती माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. आठवडी बाजारातील मटणाच्या दुकानामागे जमणारी कुत्री हा रोग गावभर नेतात. आपला कुत्रा तेथे जाऊ देऊ नये, आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याला ठरावीक काळाने जंताचे औषध द्यावे. टाकाऊ अवयव खोल खड्ड्यात पुरावेत.

शिजवलेली हाडेही देऊ नयेत. शिजल्यावर हाड ठिसूळ होते, त्याच्या फाका सुईसारख्या निघतात व घशात किंवा आतड्यात रुततात. कोंबडीचे हाड यात सर्वांत वाईट.

उन्हाळ्यासाठी ताक-टरबूज

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापांवाटे अंगातील उष्णता घालवतो. त्यामुळे त्याला पाणी आपल्या कल्पनेपेक्षा जास्त लागते. पत्र्याच्या सावलीत बांधलेल्या कुत्र्याची स्थिती भट्टीत बसवल्यासारखी होते. त्याला निंबाखाली किंवा गोठ्याच्या कुडाकडेला जागा द्यावी, खाली पाणी शिंपडलेले बारदान अंथरावे आणि रुंद तोंडाचे मातीचे भांडे अर्धे जमिनीत पुरून त्यात पाणी ठेवावे. पुरलेले भांडे लवंडत नाही आणि पाणीही गार राहते. कीटकनाशकाचा रिकामा डबा कापून पाण्यासाठी वापरणे हा जिवाशी खेळ आहे. तो कितीही धुतला तरी वापरू नये.

या दिवसांत आंबट नसलेले, बिनमिठाचे पातळ ताक वाटीभर द्यावे. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, त्यांना ढाळ लागते. ताकात दुधातील साखर कमी झालेली असल्याने ते सोसते. टरबुजाचा लाल गर बिया काढून त्याच्या फोडी ताकात टाकाव्यात. घरी फ्रीज असेल, तर हेच मिश्रण उथळ वाटीत गोठवून वाटीसकट पुढे ठेवावे. ते चाटण्यात कुत्र्याची अर्धी दुपार निघते. वीज गेली तर माठातले गार ताकही चालते.

केळ्याच्या दोन-तीन चकत्या, पेरूची बिया काढलेली फोड, गाजर हेही चांगले. वरूड-मोर्शीकडे संत्री भरपूर असतात. साल व बिया काढून एखादी-दुसरी फोड दिली तर बिघडत नाही, पण बहुतेक कुत्री तोंड वाकडे करतात. आग्रह करू नये.

काय देऊ नये

या लेखातील हा भाग घरातील सर्वांना, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

कांदा आणि लसूण. कांद्यातील द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात घातक बदल होतात; १५ किलोच्या कुत्र्याला एक-दोन मोठे कांदे त्यासाठी पुरतात. रोज थोडा थोडा गेला तरी परिणाम साठत जातो. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही, आणि लसूण कांद्यापेक्षाही तीव्र आहे. आपल्याकडे चून, ठेचा, भरीत, वांग्याची भाजी यांतले काहीच कांदा-लसणाशिवाय होत नाही. म्हणजे उरलेली भाजी भाकरीवर ओतून कुत्र्याला घालण्याची पद्धतच बंद करावी लागेल. फोडणी देण्याआधी वरणातील एक वाटी बाजूला काढून ठेवणे, एवढाच बदल पुरेसा आहे. कुत्रा सुस्त झाला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, लघवी लालसर-तपकिरी झाली तर ही बाधा समजावी. लक्षणे कधी कधी तीन-चार दिवसांनी दिसतात, म्हणून कांद्याची आठवण कुणाला राहत नाही.

सरकी आणि सरकी ढेप. वऱ्हाडात याचा इशारा देणे अगत्याचे आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. गाई-म्हशींच्या कोठीपोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, म्हणून त्यांना ढेप मानवते. कुत्र्याला तसे पोट नाही. आठवडे-महिने ढेप पोटात जात राहिली तर त्याचे हृदय निकामी होते. दम लागतो, पोट पाण्याने फुगते आणि एक दिवस तो धाडकन पडतो. ‘ढेपेत ताकद असते’ म्हणून भाकरीच्या पिठात ढेप कालवून घालणारे आहेत. तसे करू नये. ढेपेचे टोपले कुत्र्याच्या तोंडाला लागेल असे ठेवू नये, सरकीच्या ढिगावर त्याची झोपायची जागा करू नये.

एरंडी पेंड. संत्र्याच्या व भाजीपाल्याच्या आळ्यात खत म्हणून ही पेंड टाकतात. तिचा वास कुत्र्याला ओढतो, आणि सोबत हाडांचा चुरा असेल तर तो आळे उकरूनच काढतो. एरंडाच्या बीतील विष थोडेही पुरते. काही तासांत उलट्या आणि रक्ताची हगवण लागते. पेंड टाकल्यावर मातीत नीट मिसळून पाणी द्यावे व काही दिवस कुत्रा बागेत मोकळा सोडू नये.

द्राक्षे, मनुका आणि चिंच. द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडतात हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होते, पण कारण कळत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हे आम्ल द्राक्षापेक्षा चिंचेत पुष्कळ अधिक असते. ज्यांच्या धुऱ्यावर चिंचेचे झाड आहे आणि अंगणात चिंचा फोडण्याचे काम चालते, त्यांनी त्या दिवसांत कुत्र्याला दूर बांधावे. दिवाळीच्या चिवड्यातील मनुकाही याच कारणाने नको.

चॉकलेट, दारू, लोणचे, खारवलेली सुकी मासळी यांबद्दल जास्त लिहिण्याची गरज नाही. साखरविरहित च्युइंगममध्ये झायलिटॉल असते. मुले ते कुत्र्यापुढे टाकतात आणि त्याच्या रक्तातील साखर एकदम उतरून त्याला झटके येतात. पुरणपोळीचा नैवेद्य त्याला दाखवायचाच असेल तर बोटभर तुकड्यावर थांबावे. आंब्याची कोय आणि मक्याचे दाणे काढलेले कणीस आतड्यात अडकते, आणि मग पोट उघडण्याशिवाय मार्ग उरत नाही.

नाकाला काम

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. आपण डोळ्यांनी जग पाहतो, तो नाकाने वाचतो. दिवसभर एकाच खुंट्याला बांधून आपण त्याच्यापुढे एकच पान उघडे ठेवतो. अशा कुत्र्याला भुंकणे, माती उकरणे, शेपटी चावणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावणे याखेरीज दुसरे काम नसते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कुटार. जुन्या टोपल्यात किंवा सारवलेल्या जागेवर गव्हाचे मऊ, कोरडे कुटार चार बोटे जाडीचे पसरावे, त्यात खाऊचे आठ-दहा तुकडे टाकून हाताने कालवावे आणि कुत्र्याला सोडावे. पहिल्या दिवशी तुकडे वरच ठेवावेत, म्हणजे त्याला खेळ कळतो. नंतर खोल दडवावेत. तो फुसफुस आवाज करीत एकेक तुकडा शोधतो आणि संपल्यावरही दोनदा तपासून पाहतो. त्यानंतर तो स्वतःहून आडवा होऊन झोपतो, हा अनुभव घेऊन पाहावा. सोयाबीनच्या कुटारात शेंगांची टोके टोचतात व तुरीच्या कुटारात काड्या असतात, म्हणून ती वापरू नयेत. कुसळीच्या गवताचे कुसळ नाकात किंवा कानात शिरले तर फार त्रास देते. बुरशी लागलेले कुटार तर अजिबात नको.

कुटार नसेल तर जुने लुगडे किंवा टॉवेल जमिनीवर पसरून त्यावर तुकडे ठेवावेत व सैल गुंडाळी करून द्यावी. नाकाने आणि पंजाने ती उलगडायला त्याला वेळ लागतो. अंड्यांचा कागदी ट्रे उन्हात तापवून त्याच्या खाचांत खाऊ ठेवून वर दुसरा ट्रे झाकला तरी चालतो. कागद फाडू द्यावा, गिळू देऊ नये. लोटा, गडू, बरणी अशी अरुंद तोंडाची भांडी या खेळात वापरू नयेत. भांड्यात तोंड अडकून सैरावैरा पळणारे कुत्रे आपण सर्वांनी पाहिले आहे.

घरातील मुलांनाही यात घ्यावे. एकाने कुत्र्याला धरावे, दुसऱ्याने अंगणात तीन-चार ठिकाणी तुकडे लपवावेत आणि ‘शोध’ म्हणून सोडावे. मुलांना एक शिस्त घालून द्यावी : तो खात असताना जवळ जायचे नाही, त्याच्या तोंडातले काढायचे नाही. तीन महिन्यांच्या पिलापासून रेबीजची लस सुरू करून दरवर्षी टोचून घेतलेली असावी. तरीही दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. हळद, मिरची, चुना लावत बसू नये.

अंगणाच्या एका कोपऱ्यात मऊ मातीचा खड्डा त्याला उकरण्यासाठी राखून ठेवावा. त्यात अधूनमधून एखादा तुकडा पुरावा, म्हणजे तो भाजीचे वाफे सोडून तेथेच उकरतो. संध्याकाळी लांब दोराने धुऱ्याधुऱ्याने फिरवून आणावे आणि जेथे हुंगायचे तेथे हुंगू द्यावे. ओढत नेलेला कुत्रा फिरून आला तरी त्याचे समाधान होत नाही. रात्री जागल केलेल्या कुत्र्याला दिवसा झोप हवी असते, म्हणून हे खेळ सकाळी व संध्याकाळी दहा-दहा मिनिटे पुरेत. म्हाताऱ्या, दात पडलेल्या कुत्र्याला तुकडे कोमट पाण्यात भिजवून द्यावेत. त्याचे नाक शेवटपर्यंत चालते.

साखळीविषयी स्पष्ट लिहितो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, दिवसभर बांधलेला कुत्रा रात्री सोडल्यावर राखण करीत नाही. तो मोकळेपणाच्या भरात गावभर भटकतो. दोन खांबांमध्ये उंच तार ताणून तिच्यावर कडी सरकती ठेवली, तर बांधूनही त्याला वीस-पंचवीस फूट फिरता येते.

पोहरा-मालखेडच्या जंगलालगत, काटेपूर्णा अभयारण्याच्या कडेला आणि मेळघाटाच्या पायथ्याशी जे राहतात त्यांनी रात्री कुत्रा उघड्यावर बांधून ठेवू नये. बिबट्याला बांधलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेले ताट. त्याला निवाऱ्यात घ्यावे.

हाकेला परत येणारा कुत्रा

खाऊचा शेतीच्या दृष्टीने सर्वांत मोठा उपयोग येथे आहे. कुत्र्याने भुंकून डुकराला हाकलावे, एवढीच आपली अपेक्षा असते. जोशात तो कळपामागे धावतो, नर डुक्कर उलटतो आणि सुळ्याने त्याचे पोट फाडतो. दरवर्षी अशी कुत्री दवाखान्यात येतात व काही येण्याआधीच संपतात. शिवाय कुत्रे घालून वन्यप्राण्याचा पाठलाग करणे, तो धरवणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीत मोडते. तेव्हा भुंकल्यावर हाक मारताच परतणारा कुत्रा हवा.

ही शिकवण अंगणात सुरू करावी. ‘ये’ किंवा शिट्टी, एकच खूण ठरवावी व ती घरातील सर्वांनी वापरावी. दोन पावलांवरून हाक मारावी. आला की त्याच क्षणी कलेजीचा तुकडा हातातून द्यावा. दिवसाला दहा वेळा, आठ दिवस. मग अंतर वाढवावे, मग वावरात न्यावे, मग दुसरी कुत्री समोर असताना करावे. पक्की सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात. उशिरा आला म्हणून त्याला कधीही मारू नये. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी दुरूनच पाहत बसतो. एकदा शिकल्यावर दर वेळी खाऊ दिला नाही तरी चालते, पण अधूनमधून द्यावाच.

जेवण जागलीला निघण्यापूर्वी दोन तास आधी द्यावे. भरल्या पोटी जोरात धावल्याने मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो.

याबरोबर दुसरी सवय लावावी : जमिनीवर पडलेले उचलायचे नाही, हातातले किंवा ताटलीतलेच खायचे. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष आपण भरड्यात तेल कालवून करतो. आपला खाऊही धान्याचाच, आणि कुत्र्याला दोन्हींतला फरक कळणार नाही. म्हणून वावरात खाऊ जमिनीवर फेकू नये, शोधाचे खेळ फक्त घरच्या अंगणात खेळावेत, आणि आमिष कालवण्याची भांडी व खाऊचा डबा एका फळीवर ठेवू नये. आमिष बिळात घालून बीळ बंद करावे व उरलेले मोजून परत आणावे. विषप्रयोग केलेले बियाणेही कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवावे.

बाधा झाल्यास

तोंडाला फेस, सारखी लाळ, थरथर, झटके, रक्ताची हगवण किंवा पोट फुगून बेचैनी यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढणे, तूप किंवा गोडेतेल पाजणे, दूध-भाकर खाऊ घालणे हे उपाय करू नयेत. झिंक फॉस्फाईडमध्ये पोटात अन्न गेले की विषारी वायू जास्त सुटतो. कुत्र्याने ओकले असेल तर ते बंद खोलीत हुंगत बसू नये, त्याला मोकळ्या हवेत घ्यावे. उष्माघाताची शंका असेल तर सावलीत आणून साध्या पाण्याने अंग, पोट व पंजे भिजवावेत आणि वारा घालावा.

पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. अकोल्यातील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था पूर्वी येथील कृषी विद्यापीठाचा भाग होती. २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर ती त्या विद्यापीठाकडे गेली. तिच्या चिकित्सालयातही कुत्र्यांवर उपचार होतात. निघताना विषाचे वेष्टन, खाल्लेल्या वस्तूचा नमुना किंवा ओकलेले थोडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सोबत न्यावे, आणि किती वाजता व अंदाजे किती खाल्ले ते कागदावर लिहून घ्यावे.